काठी कुठे उभी करायची

हॅम रेडिओचा, म्हणजे छंद म्हणून बिनतारी बोलण्याचा, परवाना हातात पडला की बहुतेकांची नजर आधी सेटवर जाते. किती वॉटचा, कुठल्या कंपनीचा, पडदा रंगीत आहे का. नवे परवानेवाले मला फोन करतात तेव्हा निम्म्याहून जास्त बोलणं सेटवरच होतं आणि फोन ठेवता ठेवता विचारतात, "बरं ताई, अँटेना कोणती लावू?" माझं मत आता पक्कं आहे. पैसे मोजके असतील तर आधी उंचीवर खर्च करा, मग केबलवर, मग अँटेनेवर, आणि उरतील त्यात सेट घ्या. खिडकीच्या गजाला अँटेना बांधून ५० वॉट सोडणाऱ्यापेक्षा गच्चीवर नीट उभ्या केलेल्या अँटेनेतून ५ वॉटवर बोलणारा लांब पोचतो. शिवाय वॉट वाढवून आपला आवाज तेवढा मोठा होतो. समोरचा ऐकू येणार तो अँटेनेतूनच.

परवान्याचं एवढंच सांगते की तो आधी आणि अँटेना मग. दूरसंचार विभागाची परीक्षा असते, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल अशा दोन श्रेणी, पहिलीला व्हीयू३ आणि दुसरीला व्हीयू२ ने सुरू होणारी कॉलसाइन, म्हणजे हवेवरची ओळख, मिळते. वयाची १२ वर्षं पूर्ण झालेलं कोणीही बसू शकतं. स्वस्त हँडी, म्हणजे हातात धरायचा सेट, ऑनलाइन सहज मिळते म्हणून परवान्याशिवाय बटण दाबणं हा गुन्हा आहे, आणि त्याचा त्रास शेवटी सगळ्याच छंदाला होतो.

आता अँटेना. कोणती लावू असं विचारलं की मी विचारते, कोणाशी बोलायचंय? गावातल्या गावात, जिल्ह्यात, की मुंबई-हैदराबाद-कोलकाता? या प्रश्नाचं अर्धं उत्तर नाशिकच्या जमिनीनेच देऊन ठेवलं आहे. पश्चिमेला त्र्यंबकची रांग, त्यात ब्रह्मगिरी आणि अंजनेरी, दोन्ही समुद्रसपाटीपासून १,२०० मीटरच्या वर. उत्तरेला रामशेज आणि त्याच्या मागे सातमाळ्याचे डोंगर. इगतपुरीच्या अंगाला कळसूबाईचा पसारा, १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. शहर मात्र सहाशेच्या आसपास बसलेलं. मोकळी आहे ती पूर्व. ओझर, पिंपळगाव, निफाड, लासलगाव आणि पुढे येवल्यापर्यंत नजर अडवणारं फारसं काही नाही. दोन मीटर बँडच्या, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत चालतात, डोंगराला वळसा घालायला त्या फारशा राजी नसतात. आमचं घर पाथर्डी फाट्याजवळ. गच्चीवर गेलं की पांडवलेणीचा डोंगर समोर उभा, मुंबई रस्त्याची बाजू पार झाकलेली. त्या बाजूचा माणूस मला तुटक ऐकू येतो. निफाडचा खणखणीत.

याचं गणित शाळेच्या वहीत मावेल एवढं आहे. अँटेनेची उंची मीटरमध्ये घ्यायची, वर्गमूळ काढायचं, ४.१२ ने गुणायचं, तेवढ्या किलोमीटरवर रेडिओचं क्षितिज. हातात सेट धरून रस्त्यावर उभं राहिलं, दीड मीटर धरा, तर ५ किलोमीटर. २० मीटरवर अँटेना असेल तर १८. समोरच्याची अँटेनाही तेवढीच उंच असेल तर दोघांची बेरीज, म्हणजे ३६-३७ किलोमीटर. हे सपाट जमिनीचं. भोवतालच्या जमिनीपेक्षा ५०० मीटर उंच असलेल्या माथ्यावरच्या माणसाचं क्षितिज एकट्याचंच ९२ किलोमीटर भरतं. म्हणूनच सप्तशृंगगडावर गेलेला एखादा हॅम हातातल्या हँडीवरून असा स्वच्छ येतो की तो पलीकडच्या सोसायटीतून बोलतोय असं वाटावं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी त्याला दोनदा विचारलं होतं, "नक्की गडावरच आहात ना?"

अंतर याहून जास्त हवं असेल तर दोन मीटर सोडून ४० मीटर बँडवर, ७ मेगाहर्ट्‌झवर यावं लागतं. तिथे लहर आकाशात चढते, आयनोस्फिअर या वातावरणाच्या वरच्या थराला लागून खाली येते, आणि सह्याद्री तिच्या पायाखालून जातो. त्याची अँटेना सगळी वेगळी. तिच्याकडे नंतर येते.

जिल्ह्यासाठी सुरुवात करायची तर माझी शिफारस घरी बनवलेल्या ग्राउंड प्लेनची. वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात पितळी ब्रेझिंग रॉड मिळतात, सरळ, कडक आणि डाग छान धरणारे. एक उभा रॉड ४९ सेंटिमीटरचा, एका सॉकेटच्या मधल्या पिनेला डागलेला, आणि सॉकेटच्या चार कोपऱ्यांना ५१ सेंटिमीटरचे चार रॉड खाली ४५ अंशांत वाकवलेले. वाकवण्याला कारण आहे. आडवे ठेवले तर अँटेनेचा रोध ३६ ओहमच्या आसपास राहतो, खाली झुकवले की तो ५० ओहमकडे सरकतो, आणि आपली केबलही ५० चीच असते. ही अँटेना आरसीए या अमेरिकी रेडिओ कंपनीच्या जॉर्ज ब्राऊन यांची. त्यांच्या हिशोबाने खाली दोनच रॉड पुरत होते, पण दोन रॉडवर चारही दिशांना सारखं जाईल हे विक्रीवाल्यांना पटेना, म्हणून चार झाले, असं सांगतात. मला ही गोष्ट फार आवडते, कारण दोन रॉडची करून पाहिली तरी ती खरोखर चालते.

तयार फायबरग्लासच्या काठीसारख्या अँटेना दिसायला देखण्या असतात आणि वारा-पाऊस सोसतात. आज माझ्या मास्टच्या, म्हणजे अँटेना पेलणाऱ्या पाइपच्या, टोकाला तशीच एक आहे, दोन मीटर आणि ७० सेंटिमीटर दोन्ही बँडची. पण खोक्यावरच्या डेसिबलवर, म्हणजे ताकदीच्या मापावर, भुलू नका. आकडा डीबीआयमध्ये असेल तर त्यातून २.१५ वजा केल्यावर साध्या डायपोलच्या, म्हणजे मधोमध केबल जोडलेल्या दोन बाजूंच्या तारेच्या, तुलनेत किती ते कळतं. आणि हा गेन, म्हणजे ही वाढ, हवेतून येत नाही. वर आणि खाली जाणारी ताकद दाबून ती क्षितिजाकडे वळवलेली असते. निफाड-येवल्यासाठी ते उत्तम. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक डोक्यावरून जातं तेव्हा मात्र त्याचा १४५.८०० मेगाहर्ट्‌झवरचा आवाज मला जुन्या ग्राउंड प्लेनवर जास्त सलग मिळतो, म्हणून ती मी काढून टाकलेली नाही.

जागा ठरवण्याचं काम लोक फार घाईने उरकतात. सगळ्यात उंच कोपरा दिसला की तिथे भोक. मी एका लांब बांबूला ग्राउंड प्लेन बांधली, हँडी जोडली आणि निफाडच्या एका दादांना विनंती केली की थोडा वेळ दर मिनिटाला कॉलसाइन देत राहा. मग बांबू धरून गच्चीभर फिरले. टाकीच्या पूर्वेच्या भिंतीपाशी मीटरचे काटे भरलेले, लिफ्टच्या खोलीमागे आवाज खरखरीत. गंमत अशी की एकाच भिंतीपाशी अर्धा मीटर सरकलं तरी फरक पडत होता. लोखंडी जिना, सोलरचे पॅनल, टाकीतलं पाणी, या सगळ्यांवरून लहर परतते आणि सरळ आलेल्या लहरीशी कुठे जुळते, कुठे तिला कापते. हे नकाशावर दिसत नाही. गच्चीवर पावलापावलाने फिरल्यावरच कळतं, आणि खरं सांगायचं तर या सगळ्या उद्योगातला तो माझा सर्वांत आवडता भाग आहे. ज्या गच्चीवर इतकी वर्षं फक्त वाळवणं घातली, तिला असा अदृश्य चढउतार आहे हे काटा हलताना बघून समजतं.

गच्ची माझ्या एकटीची नाही, हेही तितकंच खरं. सोसायटीचे अध्यक्ष, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, अर्ज वाचून वर आले.

"ताई, हे मोबाईल टॉवरसारखं नाही ना?"

"नाही अण्णा. टॉवर दिवसरात्र चालू असतो. हे मी बोलते तेवढ्यापुरतं, आणि तेही तुमच्या-माझ्या डोक्याच्या बरंच वर."

"आणि स्लॅब? मागच्याच वर्षी वॉटरप्रूफिंग केलंय. स्लॅबला एक भोक पडलेलं चालणार नाही."

हा दुसरा मुद्दा रास्त होता, आणि माझ्या मते कोणत्याही सोसायटीत हाच खरा मुद्दा असतो. गच्चीच्या स्लॅबला ड्रिल लावू नये. पावसाळ्यात वरच्या मजल्यावर ओल आली की कारण काहीही असो, बोट काठीकडेच जाणार. मी टाकीच्या काँक्रीटच्या खांबाला क्लॅम्प करायचं ठरवलं, तसं लिहून दिलं, आणि सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला समोर उभं करून काम करेन असंही. शिवाय अण्णांना सेटपाशी बसवलं. नेमके अवकाळीचे दिवस होते. निफाडचे दादा सांगत होते की ढग सिन्नरकडून चढलेत, वारा सुटलाय, अजून गार नाही पडली. अण्णांच्या भावाची दिंडोरीला बाग आहे. ते पुढे सरकून ऐकायला लागले आणि मध्येच मला म्हणाले, "विचारा ना, पिंपळगावकडे काय आहे." परवानगीचं पत्र दुसऱ्या दिवशी आलं.

मास्टसाठी दीड इंची जीआय पाइप घेतला, बी क्लास, सहा मीटरचा अखंड. ए क्लासचा हलका आणि स्वस्त असतो, पण वळिवाचा वारा त्याला वाकवतो. अंबडच्या एका फॅब्रिकेटरने दोन ब्रॅकेट करून दिले. त्याने विचारलं, "ताई, दोन्हीमध्ये अंतर किती ठेवू?" मी म्हटलं, जितकं जास्त देता येईल तितकं. वरच्या आणि खालच्या क्लॅम्पमध्ये हातभर अंतर असलं तर वाऱ्याचा सगळा ताण त्या दोन बोल्टवर येतो. आमच्याकडे सव्वा मीटर मिळालं. मास्ट हलू नये म्हणून तीन बाजूंना बांधायचे ताणही दिले. त्यासाठी लागणारे टर्नबकल आणि चिमटे द्राक्षमांडवाच्या सामानाच्या दुकानात मिळाले, चांगले जाड गॅल्व्हनाइज केलेले. त्या दुकानात जीआय तारही स्वस्तात मिळते, पण ताणाला मी दोरच वापरला, उन्हाने न कुजणारा पॉलिएस्टरचा. अँटेनेच्या आसपास लांब धातूची तार आली की ती स्वतःच अँटेनेसारखी वागायला लागते.

केबलबद्दल मात्र मला जीव तोडून सांगायचंय. लोक हजारो रुपयांचा सेट घेतात आणि वर आरजी-५८ ची बारीक केबल ओढतात, कारण ती वळायला सोपी आणि स्वस्त. १४५ मेगाहर्ट्‌झवर या केबलच्या १०० मीटरमध्ये साधारण २० डेसिबल नाहीसे होतात. आपल्याला २० मीटर लागली, तर ४ डेसिबल. म्हणजे सेटमधून ५० वॉट निघाले तर अँटेनेपर्यंत पोचतात २०. बाकीचे ३० केबल गरम करण्यात गेले, भोकं पडलेल्या ठिबकच्या नळीने शेवटच्या झाडापर्यंत पाणी पोचू नये तसे. तेवढ्याच लांबीची आरजी-२१३ वापरली तर ३३-३४ वॉट पोचतात, आणि बोटाएवढी जाड लो-लॉस केबल वापरली तर ४०. ७० सेंटिमीटर बँडवर तर बारीक केबलची अवस्था याहून वाईट. येणाऱ्या आवाजालाही हीच कात्री लागते, आणि तो मुळात इतका क्षीण असतो की तिथे गेलेलं काही केल्या परत मिळत नाही. उलट ७ मेगाहर्ट्‌झवर हीच आरजी-५८ बिनधास्त वापरा. तिथे २० मीटरमध्ये एक डेसिबलसुद्धा जात नाही.

खराब केबलचा दुसरा दोष जास्त फसवा आहे. अँटेना जुळली की नाही हे आपण एसडब्ल्यूआर या आकड्यावरून बघतो. १ म्हणजे काहीच परत येत नाही, १.५ ला ४ टक्के ताकद परत येते, २ ला ११ टक्के, ३ ला २५. आता केबलमध्ये जाताना ४ डेसिबल गेले आणि परत येताना ४ गेले, तर खाली सेटपाशी परत आलेलं इतकं थोडं दिसतं की वरून अँटेना काढून टाकली तरी मीटर २.३ दाखवेल. आणि बघणारा म्हणेल, ठीक आहे, थोडंसंच जास्त आहे. म्हणून पहिलं मोजमाप वर, अँटेनेच्या बुडाशी, हातभर केबल लावून करायचं. नॅनोव्हीएनए नावाचं छोटं यंत्र खिशात मावतं. रॉड सुरुवातीला मुद्दाम थोडा लांब ठेवायचा. पडद्यावरची रेघ १४२ वर खोल गेलेली दिसली तर रॉड साधारण एक सेंटिमीटर जास्त आहे. एकदम एक सेंटिमीटर कापायचा नाही. कानशीने तीन-चार मिलिमीटर घासायचा, मागे सरकायचं (आपलं शरीरही रेघ हलवतं), पुन्हा बघायचं. रेघेचा खड्डा हळूहळू उजवीकडे सरकत १४५ वर येऊन बसतो. आणि एवढं झाल्यावरही लक्षात ठेवायचं की डमी लोडचा, म्हणजे अँटेनेच्या जागी लावून सगळी ताकद उष्णतेत जिरवणाऱ्या रोधाचा, एसडब्ल्यूआर बिनचूक १ असतो आणि तो कोणालाच ऐकू जात नाही.

कनेक्टर स्वतः डागायला शिकावं. पीएल-२५९ मध्ये मधली तार पिनेत नीट भरते, पण बाहेरच्या जाळीचा एखादा केस आत वळला की तिथेच शॉर्ट. डागून झाल्यावर मल्टिमीटर लावून मगच वर चढायचं. वरच्या जोडावर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप ताणून, दुपटीने लांबवून गुंडाळायचा, आणि खालून वर जायचं, म्हणजे प्रत्येक वरचा वेढा खालच्यावर चढतो आणि पाणी आत शिरत नाही. त्यावर साधा काळा टेप, उन्हापासून राखायला. केबल घरात घेताना खिडकीच्या खाली एक झोळ सोडायचा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी तिथेच टपकतं, भिंतीत जात नाही. नाशिकच्या पावसात पाणी एकदा केबलच्या जाळीत शिरलं की ती केबल संपली, वाळवून उपयोग होत नाही.

विजेचा विषय माझ्या घरच्यांनी पहिल्या दिवशीच काढला होता आणि बरोबर काढला होता. आपल्याकडे पावसाळ्यात विजा कमी, त्याच्या आधी वळिवात आणि जाताना परतीच्या पावसात जास्त. मास्टला आणि केबलच्या बाहेरच्या आवरणाला अर्थिंग हवंच. पण नाशिकची जमीन त्याला सहज साथ देत नाही. वर काळी माती, हात-दोन हातांवर मुरूम, आणि खाली पक्का काळा दगड. दोन मीटरचा रॉड ठोकायला गेलं तर निम्म्यात अडकतो. आमच्याकडे बागेच्या कडेने चर खणून तांब्याची पट्टी आडवी पुरली, मध्ये कोळसा-मिठाचा खड्डा केला, आणि ते सगळं इमारतीच्या विजेच्या अर्थिंगशी जाड तारेने जोडलं. ही जोडणी फार महत्त्वाची. दोन अर्थिंग वेगवेगळी राहिली तर वीज जवळपास पडली तरी त्या दोहोंतला फरक सेटमधून वाट काढतो. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालायची जबाबदारी आमच्या वॉचमनदादांनी घेतली आहे. केबल घरात शिरते तिथे अरेस्टर, म्हणजे विजेचा झटका जमिनीकडे वळवणारं साधन, आहे. एवढं करूनही थेट पडलेल्या विजेपुढे कशाचीच हमी नाही, म्हणून ढग गडगडायला लागले की केबल सेटपासून काढून खिडकीबाहेर सोडायची, आणि घराबाहेर पडतानाही.

राहिली ४० मीटरची तार. १४३ भागिले ७.१ म्हणजे २० मीटर, दोन बाजूंना दहा-दहा मीटर. एवढी लांब गच्ची कोणाची असते? म्हणून मध्य मास्टवर आणि दोन्ही टोकं खाली तिरकी, उलट्या व्हीसारखी. ती फार उंच नसली तरी बिघडत नाही, उलट सात-आठ मीटरवर असली की लहर जवळजवळ सरळ वर जाऊन तीनचारशे किलोमीटरच्या वर्तुळात खाली येते. बराचसा महाराष्ट्र त्यात येतो, मध्ये कितीही घाट असोत. सकाळी या बँडवर पुण्या-सोलापूरचे आवाज ऐकले की याचा अर्थ कळतो. एक पथ्य मात्र पाळायचंच. बोलताना तारेच्या टोकांना मोठं व्होल्टेज असतं, हात लागला तर पोळतं. आमच्या गच्चीवर चैत्र-वैशाखात कुरडया-पापड आणि सुट्टीत मुलं असतात, म्हणून टोकं कोणाच्याही हाताला लागणार नाहीत इतकी वर थांबवून पुढे नायलॉनची दोरी दिली आहे.

या तारेवर माझा जास्त जीव आहे. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद, व्हीयू२आरबीआय, हौशी रेडिओच्या मोहिमेसाठी अंदमानात होत्या. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन बंद पडले, आणि त्यांच्या स्टेशनवरून बेटांवरच्या माणसांची खबर मुख्य भूमीवर पोचत राहिली. मोहिमेसाठी उभारलेल्या अँटेनाच तेव्हा कामी आल्या. २०२७ मध्ये आपल्याकडे सिंहस्थाची स्नानं आहेत. रामकुंड आणि त्र्यंबकला लाखो माणसं एका वेळी आली की मोबाईलचं काय होतं ते गेल्या वेळी, २०१५ ला, आपण पाहिलंय. मला कोणी काम सोपवलेलं नाही. पण त्र्यंबक आणि पाथर्डी फाटा यांच्यामध्ये डोंगर आहेत, दोन मीटरवर तिथे बोलणं कठीण, आणि ४० मीटरच्या तारेला ते डोंगर आडवे येत नाहीत हे मी करून पाहिलं आहे. सुटसुटीत तार, बॅटरी आणि घडीचा बांबू एका पिशवीत भरून ठेवला आहे.

तार एकदा लावली की झालं, असं नसतं. संक्रांतीला भोगीपासून करीपर्यंत आभाळ पतंगांनी भरतं, येवल्यात तर त्याचा केवढा सण, आणि चौथ्या दिवशी माझ्या तारेवर आणि ताणांवर मांजा लोंबत असतो. त्यात बंदी असलेला नायलॉनचाही असतो. तो त्याच दिवशी काढायचा, कारण पहाटे पोपट आणि पारवे तिथून जातात. पाऊस सुरू व्हायच्या आधी टेप, बोल्ट आणि दोऱ्यांच्या गाठी बघायच्या, एसडब्ल्यूआर वहीत लिहून मागच्या आकड्याशी ताडायचा. यंदा खालच्या क्लॅम्पचा एक बोल्ट गंजलाय, तो बदलून स्टेनलेसचा घालायचा आहे. आणि पश्चिमेच्या टोकासाठी शेजारच्या इमारतीच्या खांबाची परवानगी मिळाली आहे, म्हणजे तार आणखी मीटरभर वर उचलता येईल. पाऊस उघडला की आधी ते काम.